मटण स्ट्रीट ते महाबळेश्वर : रामसेंच्या मागावर पाच दिवस

माझे मामा तरुणपणी सातारा जिल्ह्यातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. तंबूचा धंदा आटल्यावर त्यांनी तालुक्याच्या गावी पक्क्या टॉकीजमध्ये नोकरी धरली आणि १९८४ साली ‘पुराना मंदिर’ या हिंदी भयपटाचे रीळ मशीनवर चढवले. पडदा लाल-निळ्या उजेडाने भरला की बायका डोळ्यांवर पदर घेत आणि पदराच्या फटीतून बघत राहत, हे त्यांनी केबिनच्या झरोक्यातून पाहिले होते. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला आत सोडले नव्हते, पण टॉकीजच्या काचेच्या पेटीत टाचण्यांनी लावलेली लॉबी कार्डे, म्हणजे चित्रपटातल्या प्रसंगांची छापील चित्रे, मी सुट्टीभर रोज जाऊन पाहिली. रामसे बंधूंच्या भयपटांचे पोस्टर, लॉबी कार्ड आणि गाण्यांच्या पुस्तिका गोळा करण्याचा माझ्या पंधरा वर्षांच्या नादाचे मूळ त्या पेटीपाशी आहे. या जानेवारीत मामांना घेऊन मी तो नाद जिथून आला त्या जागा पाहायला निघाले. मामांचे वय आता चौऱ्याहत्तर आहे.

पहिला दिवस : लॅमिंग्टन रोड

बुधवारी सकाळच्या डेक्कन क्वीनने दादर गाठले आणि तिथून लोकलने ग्रँट रोडला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे रस्त्याचे अधिकृत नाव असले, तरी टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. आज तिथे संगणकाचे सुटे भाग, केबली आणि कॅमेरे यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. रामसेंची कथाही अशाच एका दुकानापासून सुरू होते. फत्तेचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना ‘रामसिंघानी’ उच्चारता येईना, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आले आणि याच रस्त्यावर त्यांनी पुन्हा विजेच्या उपकरणांचे दुकान थाटले. दुकान चालवता चालवता त्यांनी चित्रपटनिर्मितीत पैसा घातला. हे दुकान असलेली जागा दाखवणारी पाटी वगैरे इथे काही नाही. आम्ही एका चहाच्या टपरीशी थांबलो, आणि मामा समोरच्या दुकानातले तांब्याच्या तारांचे भेंडोळे बराच वेळ पाहत राहिले.

“वायरमनची पोरं ती,” मामा म्हणाले. “म्हणून लाइटिंग एवढं बेस.”

मामांचे हे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण रामसेपटांवर लिहिणारे बहुतेक जण कथेच्या भाबडेपणावर लिहितात आणि प्रकाशयोजनेपाशी क्वचितच थांबतात. फत्तेचंद यांच्या सात मुलांनी कामे वाटून घेतली होती : कुमार पटकथा लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळत, केशू कॅमेऱ्याबरोबर निर्मितीही पाहत, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन. वडिलांनी या मुलांना काश्मीरला नेऊन श्रीनगरच्या हाउसबोटीवर ठेवले आणि जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचे चित्रीकरणावरील पुस्तक पाठ्यपुस्तकासारखे वाचायला लावले. चित्रपटशाळेत न जाता एका कुटुंबाने घरातल्या घरात शाळा भरवली, असे उदाहरण आपल्याकडे दुसरे मला आठवत नाही.

पण मी लॅमिंग्टन रोडवर आले होते ते आणखी एका नावासाठी. फत्तेचंद रामसेंच्या १९६३ सालच्या ‘रुस्तम सोहराब’चे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, आपले ‘रणांगण’कार. पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांचा हा चित्रपट संगीतकार सज्जाद हुसेन यांच्या चालींसाठी जाणकार अजून काढून ऐकतात, आणि सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट ठरला. त्यानंतर १९७० साली रामसेंसाठी बेडेकरांनीच ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ दिग्दर्शित केला. तो पडला. मात्र त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि तुलसी व श्याम चित्रपटगृहात जाऊन बसले तेव्हा त्यांना दिसले की एरवी चुळबुळ करणारे प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला ताठ बसतात. संपूर्ण चित्रपट भीतीचाच का करू नये, हा प्रश्न दोघा भावांना तिथे पडला. हिंदी भयपटाच्या एका मोठ्या घराण्याचे मूळ अशा रीतीने मराठीतल्या एका श्रेष्ठ लेखकाने चित्रित केलेल्या प्रसंगात आहे, आणि आपल्या वाङ्मयीन चर्चांत ही गोष्ट जवळजवळ कधीच निघत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. बेडेकरांचे नाव छापलेला त्या चित्रपटाचा एखादा कागद मला हवा होता. पंधरा वर्षांत तो मिळाला नव्हता.

संध्याकाळी नाझ चित्रपटगृहाच्या इमारतीवरून गेलो. वितरकांची कार्यालये अनेक दशके इथे होती. कुठल्या गावाला कुठली प्रिंट जाणार, याचे निर्णय इथे होत. मामांच्या टॉकीजला येणारी पत्र्याची पेटी इथल्याच कुठल्या तरी जिन्यावरून उतरून एस.टी.च्या टपावर चढत असावी.

दुसरा दिवस : चोरबाजार

चोरबाजाराची दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा वेगळा बाजार भरतो, म्हणून गुरुवार मुद्दाम राखून ठेवला होता. भेंडीबाजाराच्या बाजूने शिरले की जुन्या चाळी पाडून उठवलेले उंच मनोरे दिसतात. त्यांच्या सावलीतून मटण स्ट्रीटवर आलो की पुन्हा पितळी कंदील, ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांची घड्याळे आणि गठ्ठ्यांनी बांधलेली पोस्टरे.

पोस्टर विकत घेण्याचे शिक्षण मला ठेच लागून मिळाले. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मी ‘वीराना’चे पोस्टर मूळ छपाईचे समजून भरपूर पैसे देऊन आणले आणि घरी भिंगाखाली पाहिल्यावर ते अलीकडचे पुनर्मुद्रण निघाले. तेव्हापासून मी चार गोष्टी पाहिल्याशिवाय पाकीट उघडत नाही. हिंदी चित्रपटाच्या नेहमीच्या पोस्टरचा आकार तीस बाय चाळीस इंच असतो. पुनर्मुद्रणे बहुधा त्याहून लहान आणि जाड, गुळगुळीत कागदावर निघतात. मूळ पोस्टर टॉकीजला घडी घालून जात असे, म्हणून घड्यांच्या रेषांवर शाई झिजलेली असते. नकलेत कधी कधी त्या रेषा चित्रासकट छापलेल्या असतात आणि बोट फिरवले तर कागद सपाट लागतो. खालच्या समासात छापखान्याचे नाव आहे का ते पाहावे. शेवटची गोष्ट म्हणजे वास. चाळीस वर्षे गोदामात राहिलेल्या स्वस्त कागदाला आंबूस, वाळलेल्या पानांसारखा वास येतो. ओळखायला मामांसारखे नाक असेल तर भिंगही लागत नाही.

दुकानदार वयस्क होते आणि उर्दूमिश्रित हिंदीत बोलत होते. त्यांनी आधी ‘शोले’ आणि ‘दीवार’ समोर ठेवले, कारण येणारे बहुतेक तेच मागतात. मी रामसे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि पोऱ्याला माळ्यावर चढवले. धूळ झटकून खाली आलेल्या गठ्ठ्यात ‘दरवाजा’, ‘पुरानी हवेली’ आणि ‘बंद दरवाजा’ होते. रामसेपटांच्या पोस्टरांची एक रीत आहे. एका कोपऱ्यात किंचाळणारी नायिका, मध्यभागी अक्राळविक्राळ चेहरा, खाली वाडा आणि त्यावर वीज. चित्रकार हाताने रंगवत तेव्हा हिरव्या आणि जांभळ्या रंगाची जी सरमिसळ ते चेहऱ्यावर करत, ती छायाचित्रांच्या जुळणीवर बनलेल्या नंतरच्या पोस्टरांत सापडत नाही. ‘बंद दरवाजा’ १९९० सालचा. त्यातल्या नेवला नावाच्या पिशाच्चाच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत ब्रशचे फटकारे स्पष्ट दिसत होते.

नेवला आणि ‘पुराना मंदिर’मधला सामरी या दोन्ही भूमिका अनिरुद्ध अग्रवाल यांच्या. ते रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंता. उंची आणि चेहऱ्याची ठेवण अशी की रंगभूषाकार श्रीनिवास रॉय यांना पाया आयता मिळाला. ‘पुराना मंदिर’मध्ये राजा सामरीचे शीर धडावेगळे करून पेटीत बंद करवतो, आणि मरण्यापूर्वी सामरी शाप देतो की राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आपल्या गावांत बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते अशी समजूत पिढ्यान्पिढ्या होती. टॉकीजमध्ये बसलेल्या बायकांना तो शाप परदेशी पिशाच्चासारखा परका वाटत नव्हता, त्यांनी तो आजीकडून ऐकलेला होता. तो चित्रपट लहान गावांतून का चालला, हे कळायला ही एक गोष्ट पुरेशी आहे असे मला वाटते. शिवाय त्यात आपले सदाशिव अमरापूरकर होते. ‘अर्धसत्य’ला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते.

‘पुराना मंदिर’चे एक लॉबी कार्ड मिळाले. जिना, पेटता पलिता, आणि त्या उजेडात अर्धा चेहरा. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोके आहेत. भोके असलेल्या कार्डाला संग्राहक कमी किंमत देतात. मी तसे मानत नाही, कारण ते कार्ड कुठल्या तरी टॉकीजच्या पेटीत खरोखर लागले होते याचा पुरावा ती भोकेच आहेत.

निघताना मी सवयीने बेडेकरांचे नाव घेतले. दुकानदारांनी खालच्या खणातून गाण्यांच्या पुस्तिकांचा एक गठ्ठा काढला. या पुस्तिका चित्रपटगृहाबाहेर काही आण्यांना, पुढे पैशांना मिळत. मुखपृष्ठावर नाव देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत, आत कथासार, श्रेयनामावली आणि गाणी. मामा एकेक उलटत होते, मी बाकीच्या पाहत होते. मामांनी काही न बोलता एक पुस्तिका माझ्यासमोर सरकवली. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’. एक कोपरा फाटलेला, पिनांच्या गंजाचे दोन तपकिरी डाग, आणि आतल्या पानावर दिग्दर्शक म्हणून विश्राम बेडेकर. मी ते नाव तीनदा वाचले. दुकानदारांनी बाराशे रुपये सांगितले आणि मी घासाघीस केली नाही. मामांना ते आवडले नाही. “निदान हजार तरी म्हणायचंस,” असे ते ग्रँट रोड स्टेशनपर्यंत म्हणत होते.

तिसरा दिवस : मुरुड

गेटवेवरून बोटीने मांडवा, तिथून बसने अलिबाग, आणि अलिबागहून रेवदंडा, कोर्लई, काशीद असे करत मुरुडची एस.टी. काशीद सोडल्यावर रस्ता समुद्राला लागून वळणे घेतो आणि मुरुड जवळ येते तेव्हा टेकडीवर जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा दिसतो. मामांनी खिडकीतून पाहिले आणि कंडक्टरला तिथेच थांबवायला सांगितले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा वाडा खासगी मालमत्ता आहे, आणि फाटकावर प्रवेशबंदीची पाटी आहे. आम्ही रस्त्यावरूनच पाहिला. टोकदार कमानी, घुमट, सज्जे आणि समोर उघडा समुद्र. रामसेंनी इथे चित्रीकरण केले. स्टुडिओत वाडा उभारायला जो खर्च येतो तो त्यांच्या बजेटात बसत नसे, म्हणून ते खरे वाडे, खरी विश्रामगृहे, खरी जंगले शोधत. याचा परिणाम पडद्यावर उतरला. सेटवरची भिंत कितीही रंगवली तरी तिला ओल येत नाही. या वाड्याच्या भिंतींना शंभर पावसाळ्यांची ओल आहे, आणि गंगू रामसे यांनी त्या ओलीवर बाजूने निळा प्रकाश टाकला की भिंतच एक पात्र होऊन जाई. मी पिशवीतून जिन्याचे कार्ड काढून हातात धरले. जिना आत, आम्ही बाहेर. मामांनी कार्डावर उन्हाची तिरीप पडू नये म्हणून आपली टोपी आडवी धरली.

दुपारी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहून आलो. त्याच्याविषयी मराठीत इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. मला संध्याकाळी खोकरीला जायचे होते. राजपुरीजवळच्या खोकरीला सिद्दींच्या दगडी कबरींचे भव्य घुमट आहेत. त्यांच्या जाळीदार खिडक्यांतून मावळतीचे ऊन तुकड्यातुकड्याने आत येत होते आणि आमच्याखेरीज तिथे एक गुराखी तेवढा होता. भयपटांवर प्रेम करणाऱ्या माणसाला अशा जागी भीती वाटत नाही, उलट नजर तीक्ष्ण होते : सावली किती लांबली, आवाज कुठून परततो, दाराची चौकट माणसाच्या मानाने किती मोठी आहे. ही नजर मला चांगल्या भयपटांनी दिली आहे. मामा घुमटाच्या पायरीवर बसून म्हणाले, “इथं पडदा लावला असता तर?” आणि मग तंबूत अंतर कसे मोजत, मशीन किती पावलांवर ठेवत, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळत आल्या की हात कसा झरझर चालवावा लागे, हे त्यांनी अंधार पडेपर्यंत सांगितले. सातारा जिल्ह्यातल्या जत्रांत भयपटाचा खेळ नेहमी शेवटचा, रात्री बाराचा लावत. खेळ सुटल्यावर माणसे एकेकटी घरी जात नसत. वाडीवाडीचे घोळके करून, मोठ्याने गप्पा मारत जात. ते आवाज तंबूपर्यंत ऐकू येत आणि मामा रीळ गुंडाळता गुंडाळता मोजत : हा घोळका ओढ्यापर्यंत पोहोचला, हा खिंडीपर्यंत.

चौथा दिवस : महाबळेश्वर

मुरुडहून भाड्याची गाडी केली. आगरदांड्याला गाडीसकट बोटीवर चढून दिघीला उतरलो, आणि म्हसळा, माणगाव, महाड, पोलादपूर असे करत आंबेनळी घाटाने वर चढलो. घाटात मामांना झोप लागली.

रामसे बंधूंचा पहिला भयपट ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला आणि त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. बंधू मुलाखतींतून सांगत ते असे : सबंध कुटुंब आणि कलाकार-तंत्रज्ञ बसमध्ये बसून आले, सरकारी विश्रामगृहात उतरले, स्वयंपाक घरच्या बायकांनी केला, सुमारे चाळीस दिवसांत काम उरकले, आणि खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला. पत्नी आणि तिचा साथीदार मिळून एका शास्त्रज्ञाचा खून करतात, त्याला पुरतात, आणि तो परत येतो, एवढीच कथा. सुरेंद्रकुमार, शोभना आणि इम्तियाझ खान हे कलाकार. तारांकित नावे नसल्याने जाहिरात भीतीच्याच जोरावर करावी लागली, आणि ती चालली.

शनिवार असल्यामुळे बाजारात स्ट्रॉबेरी-क्रीमच्या दुकानांपुढे रांगा होत्या. तिथून बाहेर पडून आम्ही जुन्या बंगल्यांच्या बाजूला चालत गेलो. जांभ्या दगडाची जोती, उतरती पत्र्याची छपरे, लांब व्हरांडे आणि वर जांभूळ-हिरड्याची गच्च छाया. भर दुपारी तिथे संध्याकाळचा उजेड असतो. रामसेंनी हे ठिकाण का निवडले ते पायी फिरल्यावरच नीट समजते. हॉटेलांचे दर उतरलेल्या दिवसांत धुके फुकट मिळते, जंगल दाराशी असते, मुंबईहून कच्ची फिल्म एका दिवसात येते, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात एक कंदील लटकवला की अर्धी भीती तयार होते. पुढच्या काळातल्या भयपटांतला ‘डोंगरावरचा एकटा बंगला’ इथे घडला. दूरदर्शनसंचावर १९९३ सालापासून ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हाही रामसेंनी तोच बंगला, तेच धुके, तोच करकरणारा दरवाजा घरोघरी पोहोचवला. माझ्या वयाच्या कित्येकांना त्या मालिकेचे शीर्षकसंगीत ऐकू आले की अजूनही हात आपोआप चादरीकडे जातो.

संध्याकाळी थंडी वाढली. मामांनी मफलर गुंडाळून घेतली आणि व्हरांड्यात बसून बेडेकरांची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, गाण्यांसकट. त्यांनी हा चित्रपट चालवलेला नव्हता. “चोरीचा सीन यात सांगितलाय का?” मी विचारले. कथासारात तो नव्हता. ज्या प्रसंगातून पुढे तीसेक वर्षांचा उद्योग उभा राहिला, तो कथासार लिहिणाऱ्याला सांगण्याजोगा वाटला नव्हता.

पाचवा दिवस : पुणे

वाई, सुरूर करत दुपारी पुण्यात घरी आलो. हाती आलेला कागद त्याच दिवशी नीट ठेवायचा हा माझा नियम आहे. पुस्तिकेच्या गंजलेल्या पिना लाकडी पट्टीने हलकेच उघडून काढल्या आणि त्या जागी पांढरा सुती दोरा घातला. फाटक्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली नाही, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. कार्डाला लॅमिनेशन करायचे नाही, डांबरगोळ्यांजवळ ठेवायचे नाही, उन्हात लावायचे नाही. आम्लविरहित कागदात घालून, पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात सरकवून, आडवे ठेवायचे. कागदावर नोंद करायचीच असेल तर मागच्या बाजूला, समासात, मऊ शिसाच्या पेन्सिलीने आणि हात न दाबता करायची. शाई कधीच नाही.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्या पुण्यातच, विधी महाविद्यालय रस्त्यावर, १९६४ सालापासून आहे. पोस्टरे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही तिथे जपल्या जातात. माझ्या पश्चात माझी पुस्तिका तिथेच जावी असे मी लेकीला सांगून ठेवले आहे.

पुस्तिका पाकिटात घातल्यावर मी जिन्याचे कार्ड उलटे करून टेबलावर ठेवले आणि मामांच्या हातात पेन्सिल दिली. तुळई मोजावी तसे त्यांनी आधी समास बोटांनी मोजला. मग चष्मा पुसून, ऑपरेटरच्या नोंदवहीत लिहीत असत त्याच बारीक, उभट अक्षरात लिहिले : ‘पुराना मंदिर. रिळे पूर्ण. रात्री बाराचा खेळ. पब्लिक फुल.’